नियमात बसणारा थकवा

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत तिची अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि मुंबई-पुण्यासह देशभरातील विमानतळांवर तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले. वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाल्यामुळे वैमानिक कमी पडले, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. त्या दिवसांत एक प्रश्न सगळीकडे विचारला जात होता. वैमानिक महिन्याला जेमतेम ऐंशी-नव्वद तास विमान उडवतात आणि साधा नोकरदार महिन्याला दोनशे तास राबतो. मग आणखी विश्रांती हवी ती कोणाला? प्रश्न वरवर रास्त वाटतो, पण त्यात ज्या तासांची तुलना होते ते तास एकाच जातीचे नाहीत.

विमानसेवेत तासांचे निदान तीन हिशेब एकाच वेळी चालू असतात. पहिला उड्डाणाचा. विमान उड्डाणासाठी जागेवरून हलते तेव्हापासून प्रवास संपवून ते पुन्हा उभे राहीपर्यंतचा हा काळ असतो, आणि ‘महिन्याला नव्वद तास’ हा आकडा एवढ्याच काळाचा आहे. दुसरा हिशेब उड्डाण-ड्युटीचा. वैमानिक विमानतळावर हजेरी लावतो तेव्हा, म्हणजे सर्वसाधारणपणे पहिल्या उड्डाणाच्या तासभर आधी, तो सुरू होतो आणि दिवसाचे शेवटचे विमान उभे राहीपर्यंत चालतो. तिसरा एकूण ड्युटीचा. त्यात उड्डाणानंतरची कागदपत्रे, प्रशिक्षण, सिम्युलेटरवरचे सत्र आणि कंपनीच्या कामासाठी प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात जाणे हेही धरले जाते.

मुंबई-दिल्ली-मुंबई-गोवा-मुंबई असा दिवस घेतला, तर चार सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतची चार उड्डाणे, मिळून प्रत्यक्ष उड्डाण पावणेसात तासांच्या आसपास होते. दोन उड्डाणांमध्ये विमान जमिनीवर उभे असते तो वेळ, सुरुवातीचा तास आणि शेवटची आवराआवर धरली की तोच दिवस साडेदहा तासांचा होतो, आणि दिल्लीत धुके असेल किंवा मुंबईवर विमानांना घिरट्या घालाव्या लागल्या तर बारा तासांचाही. असा दिवस करणारी वैमानिक खारघर किंवा डोंबिवलीला राहत असेल, तर घर ते विमानतळ हा प्रवास यांपैकी कोणत्याच हिशेबात येत नाही. पहाटे साडेचारची हजेरी म्हणजे अडीचला उठणे. त्यासाठी सात तास झोपायचे तर संध्याकाळी साडेसातला डोळा लागला पाहिजे, आणि त्या वेळी झोप येत नाही, हीच या सगळ्या विषयाची खरी अडचण आहे.

ती का येत नाही, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. झोपेचा अभ्यास करणारे स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेले प्रारूप आजही या क्षेत्राचा पाया मानले जाते. त्यांच्या मांडणीनुसार आपली जाग आणि झोप दोन स्वतंत्र यंत्रणांच्या ओढाताणीतून ठरते. एक यंत्रणा जागेपणाचा साठा मोजते: आपण जितके तास जागे, तितका मेंदूवर झोपेचा दाब अधिक. मेंदूत साचत जाणारे अ‍ॅडेनोसिन हे रसायन या दाबाचा एक भाग आहे, आणि कॉफी त्याचा परिणाम काही तास अडवून धरते; दाब मात्र जागच्या जागी राहतो. दुसरी यंत्रणा मेंदूतल्या घड्याळाची आहे. हे घड्याळ प्रकाशावर लावलेले असते आणि आपण किती झोपलो याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. पहाटे साधारण चार-पाचच्या सुमारास ते शरीराचे तापमान सर्वांत खाली नेते आणि त्याबरोबर सावधपणाही खाली जातो. उलट संध्याकाळी झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास ते माणसाला टक्क जागे ठेवते. म्हणून संध्याकाळी साडेसातला अंथरुणावर पडलेली वैमानिक नुसती कूस बदलत राहते, आणि रात्रपाळी संपवून सकाळी आठला झोपलेला माणूस कितीही दमलेला असला तरी अकरा-बाराच्या सुमारास जागा होतो.

विमानवाहतुकीच्या नियमांत पहाटे दोन ते सहा या वेळेला वेगळे नाव आणि वेगळे स्थान आहे. त्याला आपण शरीरघड्याळाचा तळ म्हणू. या चार तासांत काम करणाऱ्याची प्रतिक्रिया मंदावते, स्मरणात ठेवलेली गोष्ट निसटते आणि मुख्य म्हणजे नवी माहिती आली तरी आधी ठरवलेली योजना सोडवत नाही. थकलेला वैमानिक म्हणजे पेंगणारा वैमानिक, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा पूर्ण जागा असतो, बोलत असतो, बटणे दाबत असतो. फक्त त्याचा निर्णय एका खोबणीत अडकलेला असतो.

याचे अभ्यासकांकडून वारंवार सांगितले जाणारे उदाहरण १८ ऑगस्ट १९९३ चे आहे. क्युबातील ग्वांटानामो येथील अमेरिकी नौदलाच्या तळावर उतरताना एक डीसी-८ मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. तेथील धावपट्टीच्या अगदी जवळ क्युबाची सीमा होती, आणि ती ओळखता यावी म्हणून एक लुकलुकणारा दिवा लावलेला असे. त्या दिवशी तो बंद होता, पण हे वैमानिकांना कोणी सांगितले नव्हते. कॅप्टन तो दिवा शोधत राहिला. विमानाचा वेग घटत होता, सहकारी त्याला ते सांगत होते, आणि तो पुनःपुन्हा दिव्याबद्दलच विचारत होता. तिघेही कर्मचारी बचावले, त्यामुळे चौकशीत त्यांच्या मागच्या काही दिवसांच्या झोपेचा तपशील त्यांच्याच तोंडून मिळाला. अपघाताच्या वेळी कॅप्टनला जागे होऊन तेवीस तास उलटून गेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने विमान अपघाताच्या संभाव्य कारणात थकव्याचा स्पष्ट उल्लेख केला तो याच प्रकरणात प्रथम.

तेवीस तास जागे राहणे म्हणजे नेमके काय, हे १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सर्वांना कळेल अशा मापात मांडले. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात आणि नजर यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते आणि चोवीस तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे मोटार चालवणाऱ्यासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्यासाठी वैमानिकाची ड्युटीआधी श्वासचाचणी घेतली जाते. थकव्यासाठी तशी फुंकर मारण्याची नळी अजून कोणी बनवलेली नाही, आणि म्हणूनच तास मोजण्याचा आडवळणाचा मार्ग घ्यावा लागतो.

त्यात आणखी एक पेच आहे. सन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रात्री सहा किंवा चारच तास झोपू दिले गेले. त्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत जाऊन एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली, पण ‘किती झोप येते आहे’ या प्रश्नाची त्यांची उत्तरे थोड्याच दिवसांत एका पातळीवर थांबली. म्हणजे ती माणसे बिघडत राहिली आणि आपण सरावलो आहोत असे समजत राहिली. ‘आम्हाला सवय आहे हो’ हे रात्रपाळीतले नेहमीचे वाक्य ऐकताना हा प्रयोग आठवावा. स्वतःचा थकवा स्वतः ओळखण्याची क्षमता थकव्यातच सर्वांत आधी बोथट होत असेल, तर उड्डाणाला मी ठीक आहे की नाही हे केवळ वैमानिकाच्या प्रामाणिकपणावर सोडता येत नाही.

भारतापुरते बोलायचे, तर या विषयाची चर्चा मंगळुरूपाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले बोइंग ७३७ विमान २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर उतरताना पुढे निघून दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मरण पावले. कॉकपिटमधील आवाज टिपणाऱ्या यंत्रात सुमारे दोन तासांचे ध्वनिमुद्रण होते, आणि त्यातील पहिला एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपेत असल्याचे, त्याच्या घोरण्यासह, ऐकू आले. तो उठल्यानंतर विमान प्रमाणापेक्षा उंच आणि वेगात धावपट्टीकडे आले. सहवैमानिकाने तीन वेळा उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्यास सांगितले, जमिनीजवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाही ओरडत होती. कॅप्टनने उतरणे चालू ठेवले. चौकशी न्यायालयाने मुख्य कारण म्हणून याच गोष्टीवर बोट ठेवले आणि दीर्घ झोप व पहाटेची वेळ यांमुळे त्याच्या निर्णयशक्तीवर परिणाम झाला असावा, असे नमूद केले.

गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ण चालू होत नाही. जडपणाचा हा काळ साधारण वीस ते तीस मिनिटांचा असतो, आणि पहाटे तो अधिक लांबतो. मंगळुरूच्या कॅप्टनला विमान खाली आणण्याचे सर्वांत नाजूक काम नेमके त्याच काळात करावे लागले. पण या अहवालातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद वेगळीच आहे: उड्डाणापूर्वी दोघाही वैमानिकांना नियमाप्रमाणे पुरेशी विश्रांती मिळालेली होती. रात्री मंगळुरूहून निघायचे, दुबईत प्रवासी उतरवून नवे घ्यायचे आणि पहाटे परत यायचे, हे रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, तासांच्या प्रत्येक कसोटीला उतरत होते. रोस्टर कायदेशीर होते आणि कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपला होता, ही दोन विधाने एकमेकांना खोडत नाहीत. नियम विश्रांतीची संधी देतो. त्या संधीत झोप लागली का, आणि लागली तरी ती पहाटे चारच्या तळाला पुरली का, हे नियमाला दिसत नाही.

संकट रात्रीच असते असेही नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये हवाई बेटांवर होनोलुलुहून हिलोला जाणाऱ्या, पाऊण तासाच्या, सकाळी नऊनंतरच्या एका उड्डाणात दोन्ही वैमानिक झोपी गेले. नियंत्रण कक्ष सुमारे अठरा मिनिटे त्यांना हाका मारत राहिला आणि विमान हिलो ओलांडून २६ सागरी मैल समुद्रावर पुढे गेले. दोघांचाही तो सलग तिसरा पहाटे सुरू झालेला कामाचा दिवस होता, आणि कॅप्टनला झोपेत श्वास अडण्याचा विकार असल्याचे नंतर निदान झाले. बाहेर लख्ख ऊन होते, काम सोपे होते, रस्ता रोजचा होता. रोजच्या सोप्या कामात जागे राहणे हे वादळात जागे राहण्यापेक्षा कठीण असते.

आता नियमांकडे येऊ. जगभर ते दोन पद्धतींनी केले जातात. पहिली पद्धत ठरावीक मर्यादांची. भारतात उड्डाणाची मर्यादा आठवड्याला ३५, महिन्याला १२५ आणि वर्षाला १००० तास अशी आहे. अमेरिका आणि युरोपमध्ये अठ्ठावीस दिवसांत १०० तास आणि वर्षभरात १००० तास. मात्र खरी कसोटी दिवसाच्या ड्युटीची असते, आणि ती एका आकड्यात सांगता येत नाही. युरोपात दोन वैमानिकांची ड्युटी सकाळी सुरू होत असेल तर ती १३ तासांपर्यंत जाऊ शकते, संध्याकाळी पाचनंतर किंवा पहाटे पाचच्या आत सुरू होत असेल तर ११ तासांतच संपवावी लागते, आणि तिसऱ्या सेक्टरपासून प्रत्येक सेक्टरमागे त्यातून अर्धा तास कापला जातो. कारण विमान हवेत स्थिरावल्यावरचे दोन तास आणि एकामागून एक केलेली चार उतरणी यांचा शीण सारखा नसतो. भारतातील चौकटही याच विचारावर उभी आहे.

हे नियम शास्त्रातून सरळ उतरले असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक ठिकाणी ते अपघात, न्यायालये आणि वाटाघाटी यांतून आले. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून ५० जण दगावले. त्यातील सहवैमानिक रात्रभर सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांतून प्रवास करत कामावर आली होती आणि कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. मृतांच्या नातेवाइकांनी सतत पाठपुरावा केला, तेव्हा नवे नियम ठरले आणि ते ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. पण मालवाहू विमानांना त्यांतून वगळण्यात आले, आणि त्यासाठी दिलेले मुख्य कारण खर्चाचे होते. हे नियम लागू होण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०१३ मध्ये, यूपीएसचे एक मालवाहू विमान पहाटेच्या अंधारात बर्मिंगहॅमजवळ कोसळून दोन्ही वैमानिक ठार झाले. मालवाहू वैमानिकांना नव्या विश्रांती-नियमांतून का वगळले, याच विषयावर ते दोघे उड्डाणापूर्वी बोलत होते, हे ध्वनिमुद्रणातून नंतर कळले. रात्रीची झोप मोडून विमान उडवणाऱ्याच्या मागे प्रवासी आहेत की पेट्या, याचा त्याच्या मेंदूतल्या घड्याळाशी काही संबंध नसावा, एवढे तरी कोणालाही पटेल.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे पाच अशी होती, ती सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या ड्युटीत उड्डाणाची मर्यादा ८ तास, ड्युटीची १० तास आणि उतरण्यांची दोन अशी केली. पूर्वी सहा उतरणी चालत. पाचाचे सहा होणे वाचायला किरकोळ वाटते, पण पहाटेची पहिली विमाने आठवली म्हणजे त्यातील मेख लक्षात येते. सहाच्या आत सुरू होणारी ड्युटी रात्रीच्या ड्युटीत गेली की तिच्यावर उतरण्यांची मर्यादा येते, आणि साडेपाचला हजर झालेल्या वैमानिकाकडून दुपारपर्यंत चार सेक्टर करून घेण्याची सोय संपते. त्या एका तासामुळे कंपन्यांना वैमानिक किती जास्त लागतील, याचा अंदाज बांधता येतो.

हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली आणि अंमलबजावणी पुढे गेली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि तेथे ठरलेल्या वेळापत्रकानुसार काही तरतुदी १ जुलै २०२५ पासून, तर रात्रीच्या ड्युटीसह उरलेल्या १ नोव्हेंबरपासून लागू झाल्या. म्हणजे घोषणा आणि पूर्ण अंमलबजावणी यांत जवळपास बावीस महिने गेले होते. तरीही डिसेंबरात जे व्हायचे ते झाले, आणि ५ डिसेंबरला डीजीसीएने इंडिगोच्या ए-३२० विमानांना रात्रीच्या ड्युटीच्या तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, ही अटही त्याच दिवशी मागे घेण्यात आली. पुढच्या चौकशीत विमाने, वैमानिक आणि वेळापत्रक यांचा शेवटच्या थेंबापर्यंत वापर करण्याच्या नियोजनावर आणि नव्या नियमांच्या अपुऱ्या तयारीवर ठपका आला. प्रवाशांचे हाल पाहता नियामकापुढे दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येईल. पण सुरक्षेसाठी केलेला नियम गर्दीच्या दडपणाखाली दोन महिने बाजूला ठेवता येतो, हा संदेशही त्यातून गेला, आणि तो मला घातक वाटतो. वैमानिक महिनाभरात तयार होत नाही. नव्या उमेदवाराला एका प्रकारच्या विमानासाठी तयार करायला काही महिने लागतात आणि सहवैमानिकाचा कॅप्टन व्हायला काही वर्षे, त्यामुळे तुटवडा निर्माण झाल्यानंतर भरती करून तो भरून निघत नाही.

मग रात्रीची उड्डाणे कमीच का करू नयेत? विमान जमिनीवर उभे असेल तर त्याचे भाडे चालूच राहते, हे एक कारण. दुसरे विमानतळांच्या वेळांचे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि दिवसाची जागा गच्च भरलेली असते. गोव्याचा दाबोळी आणि पुण्याचा लोहगाव हे मूळचे लष्करी तळ. तेथे नौदल आणि हवाई दल यांच्या सरावासाठी दिवसाचे काही तास राखून ठेवावे लागतात, म्हणून प्रवासी विमाने संध्याकाळ, रात्र आणि पहाट यांकडे ढकलली जातात. युरोपात सकाळी पोहोचायचे असेल तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघावे लागते आणि आखाती देशांची बरीचशी वाहतूकही रात्रीच चालते. पहाटेचे स्वस्त तिकीट घेणारे आपण सर्व या साखळीत आहोतच.

लांब पल्ल्याच्या उड्डाणात प्रश्नाचे रूप बदलते. मुंबई ते न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को हा पंधरा-सोळा तासांचा प्रवास दोन वैमानिकांना झेपणारा नाही, म्हणून चार जण जातात आणि पाळीपाळीने विमानातल्याच बंकमध्ये झोपतात. तेथे पोहोचल्यावर शरीर मुंबईच्या घड्याळावर चालत असते. ते दिवसाला साधारण एकेक तास सरकते, पश्चिमेकडे जाताना थोडे सहज आणि पूर्वेकडे येताना कष्टाने. दोन दिवसांच्या मुक्कामात ते ना तिथले होते ना इथले राहते. अशा उड्डाणांना ठरावीक तासांची मोजपट्टी लावणे अवघड, म्हणून दुसरी पद्धत आली, ती थकव्याच्या धोक्याच्या व्यवस्थापनाची. सन २००४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूरहून नेवार्कला अठरा तासांची थेट सेवा सुरू केली, तेव्हा वैमानिकांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी यंत्रे बांधून, झोपेच्या नोंदी ठेवून आणि सावधपणाच्या चाचण्या घेऊन रोस्टर तपासले गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०११ मध्ये या पद्धतीला आपल्या मानकांत स्थान दिले. कंपनीने नोंदींच्या आधारे आपले रोस्टर सुरक्षित असल्याचे सिद्ध करायचे आणि त्या बदल्यात ठरावीक मर्यादांतून थोडी मोकळीक मिळवायची, असा हा करार आहे. ज्या कंपनीत वैमानिक मोकळेपणाने बोलू शकतो तेथे तो चांगला चालतो, जेथे बोलू शकत नाही तेथे रोस्टर ठीक असल्याचे सांगणारा केवळ संगणकावरचा हिरवा रंग उरतो.

कॉकपिटमधील छोट्या डुलकीचेही शास्त्र आहे. अमेरिकी अंतराळ संस्था नासाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशांत महासागरावरील उड्डाणांत वैमानिकांना चाळीस मिनिटांची ठरवून विश्रांती दिली. ते सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि उतरण्याच्या टप्प्यात न झोपलेल्यांपेक्षा लक्षणीय सावध आढळले. युरोप आणि कॅनडा यांनी त्याला अटींसह परवानगी दिली, अमेरिकेने अभ्यास आपला असूनही दिली नाही. अट महत्त्वाची अशी, की दुसरा वैमानिक जागा असल्याची खात्री कोणीतरी ठरावीक वेळाने करायची. ती न झाल्यास काय होते ते २५ जानेवारी २०२४ रोजी इंडोनेशियात दिसले. केंदारीहून जकार्ताला निघालेल्या बाटिक एअरच्या विमानात एक वैमानिक परवानगीने झोपला होता, आणि दुसरा, ज्याच्या घरी महिन्याभराची जुळी मुले होती, नकळत झोपला. विमानात दीडशेहून अधिक प्रवासी होते आणि २८ मिनिटे कॉकपिटमध्ये कोणीही जागे नव्हते. विमान वाटेवरून भरकटले, पण सुखरूप उतरले.

घरातली तान्ही जुळी कोणत्याही रोस्टरमध्ये दिसत नाहीत. म्हणून शेवटी सगळे एका कागदावर येते, तो म्हणजे थकव्याचा अहवाल: ‘मी आज उड्डाणास योग्य नाही’ असे वैमानिकाने लिहून देणे. नियमांत त्याबद्दल शिक्षा नाही. व्यवहारात मात्र बऱ्याच कंपन्यांत ठरावीक तासांपुढील प्रत्येक तासाचे पैसे वेगळे मिळतात, त्यामुळे उड्डाण नाकारणाऱ्याचे त्या महिन्याचे उत्पन्न घटते. त्याच्या जागी मध्यरात्री दुसऱ्याला उठवावे लागते, आणि तो दुसरा बहुधा ओळखीचाच असतो. पुष्कळ जण म्हणूनच थकवा न लिहिता आजारपण कळवतात. रजा मिळते, पण कोणत्या रोस्टरने माणूस मोडतो आहे ही माहिती कंपनीपर्यंत पोहोचतच नाही. उलट्या बाजूची सावधगिरीही हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी एक कॅप्टन प्रवेशद्वाराजवळ कोसळून मरण पावला, तेव्हा ते थकव्यामुळेच झाले असे अनेकांनी लगेच ठरवून टाकले. आदल्या पहाटे त्याने दोन सेक्टर केले होते आणि मधे त्याला सत्तावीस तासांची विश्रांती मिळाली होती, एवढ्यावरून एका माणसाच्या हृदयाबद्दल कोणताही निष्कर्ष निघत नाही. थकवा एका घटनेत सिद्ध करणे फार कठीण असते. तो शेकडो नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या तरच दिसतो.

केबिन क्रूच्या ड्युटीलाही मर्यादा आहेत, पण त्यांच्याबद्दल चर्चा कमी होते. आपत्कालीन दरवाजा नव्वद सेकंदांत विमान रिकामे होईल अशा रीतीने उघडण्याचे काम त्यांचे, आणि पहाटे चारला तेही त्याच तळाशी असतात.

नव्या नियमांनुसार कंपन्यांनी थकव्याच्या अहवालांची आणि त्यांवर केलेल्या कार्यवाहीची माहिती दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यायची आहे. माझ्या मते या सुधारणेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद हीच, जरी बातम्या ४८ तासांच्या विश्रांतीच्या झाल्या. डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते, आणि त्यात कोणत्या कंपनीची किती विमाने वेळेवर सुटली, किती रद्द झाली आणि किती प्रवाशांनी तक्रारी केल्या, हे कंपनीनिहाय असते. किती वैमानिकांनी थकवा कळवला आणि त्यांपैकी किती अहवाल मान्य झाले, हा रकाना त्याच तक्त्यात घालायला फार कष्ट पडू नयेत.